फजरनंतरची सायकल : जिन्याखालून दौलताबादपर्यंत

आम्ही चार शिक्षक. वय चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. गेली काही वर्षे दर रविवारी फजरची नमाज झाली की सायकली घेऊन दिल्ली गेटजवळ जमतो. सुरुवातीला मोहल्ल्यातले लोक थांबवून विचारायचे, "सर, गाडी विकली का?" आता तेच लोक विचारतात, "सर, कोणती सायकल घेऊ?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला उभ्या उभ्या देणं होत नाही, म्हणून हा लेख.

आमची सुरुवात हौसेनं झाली नाही, साखरेनं झाली. आमच्यातल्या एका सरांचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की रोज अर्धा तास शरीर हललं पाहिजे. सरांच्या घरी एकच सायकल होती, ती त्यांच्या मुलीची. मुलगी आठवीत गेली तेव्हापासून ती जिन्याखाली उभी होती. दोन्ही चाकांत हवा नाही, चेन गंजलेली. सरांनी तीच बाहेर काढली. या सायकलीची बाकीची गोष्ट पुढे येईलच.

साखर आणि आपण

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या घरांकडे पाहिलं तर आकडा वाचायचीही गरज नाही. प्रत्येक दस्तरख्वानावर कुणीतरी "माझा चहा बिनसाखरेचा" म्हणणारं असतंच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. चालणं चांगलंच आहे. पण वजन जास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर सायकल सोपी जाते. शरीराचा भार सीटवर असतो, गुडघ्यावर आदळत नाही. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर वापरतात. सायकलचा फायदा तो हाच.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी, औषध घेऊन लांब जाऊ नका. खिशात ग्लुकोज किंवा साधी साखर ठेवा. हातपाय थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा, साखर खा आणि सोबत्याला सांगा. छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर तपासणीशिवाय सुरुवातच करू नका.

कोणती सायकल घ्यावी?

पहिलं उत्तर : घरात असेल ती. आमचे सर पहिले दोन महिने मुलीच्याच लेडीज सायकलवर फिरले. लोक हसले, पण साखरेला सायकल कुणाची आहे हे कळत नाही.

नवीन घ्यायचीच असेल तर तीन प्रकार समजून घ्या. जाड टायरची माउंटन सायकल खडबडीत रस्त्यावर बरी, पण डांबरी रस्त्यावर जड वाटते. वाकलेल्या हँडलची बारीक टायरची रोड सायकल वेगवान असते, पण नवख्याची कंबर दुखते आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे तिला सोसत नाहीत. या दोन्हींच्या मधली हायब्रिड. सरळ हँडल, मध्यम टायर, बसायला ताठ. शहर आणि आसपासच्या रस्त्यांसाठी आम्हाला हीच योग्य वाटते. गिअर सात असले तरी पुष्कळ झाले.

किमतीपेक्षा माप महत्त्वाचं आहे. सायकलच्या दांड्यावर दोन्ही पाय टेकवून उभं राहिलं तर दांडा आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. दुकानात जाऊन, बसून, एक चक्कर मारूनच घ्या.

सीटची उंची : मिस्त्री चाचांचा धडा

पहिल्या महिन्यात आमच्यातल्या दोघांचे गुडघे पुढच्या बाजूनं दुखू लागले. आम्ही मलम चोळत बसलो. मग एक दिवस पंक्चर काढायला थांबलो, तर म्हातारे मिस्त्री चाचा आमच्याकडे पाहून म्हणाले, "मास्टरसाब, सीट वर घ्या, लहान पोराच्या सायकलवर बसल्यासारखे दिसता." त्यांनी पाना घेतला, सीट तीन बोटं वर केली. आठवड्यात दुखणं कमी झालं.

पद्धत सोपी आहे. सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजानं पेडल मारताना गुडघ्यात थोडासा वाक आपोआप राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी डुलते.

इथे थोडं मनातलं सांगायचं आहे. आपल्या समाजात कितीतरी घरं सायकलच्या दुकानावर उभी राहिली. तासावर सायकल भाड्यानं देणं, पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं. आज 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्या मुलांना टोमणा म्हणून ऐकवला जातो, आणि मुलं मान खाली घालतात. आम्ही वर्गात सांगतो की मान खाली घालायचं कारण नाही. हलालची कमाई आहे आणि हातात हुनर आहे. तारा एक एक करून आवळत वाकडं चाक सरळ करणं हे आमच्या बीएडच्या पदवीला जमलेलं नाही. मुलांना अशा एखाद्या चाचांजवळ तासभर बसवा आणि पंक्चर काढायला शिकवा. रस्त्यावर कामाला येतं आणि लाजही जाते.

सामान किती लागतं?

हेल्मेट सर्वात आधी. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सरळ बसलं पाहिजे, मागे सरकलेलं नको. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जाईल इतकीच जागा ठेवा. एकदा जोरात आपटलं तर ते बदला, बाहेरून चांगलं दिसलं तरी. टोपी किंवा हिजाबवर हेल्मेट बसतं, फक्त कापड पातळ आणि गाठ नसलेलं हवं.

फजरनंतर अंधार असतो. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंगात फिकट रंगाचा कपडा. घंटी हवीच. पिशवीत छोटा पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पाण्याची बाटली. मागे लटकणारी ओढणी, बुरख्याचा घेर किंवा सैल पायजमा चेनमध्ये अडकतो. चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, पायघोळ कपड्याला घोट्याजवळ रबर लावा. गादीची चड्डी लांबच्या फेरीला आराम देते, वर ढगळ ट्रॅकपँट घातली की पडद्याचा प्रश्न राहत नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी तपासा : हवा, ब्रेक, चेन. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं. चेनला तेल लावल्यावर जास्तीचं तेल कापडानं पुसून घ्या, नाहीतर आपली धूळ त्यावर बसून काळा चिखल होतो.

आठ आठवड्यांचा सराव

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून तीन दिवस, फक्त वीस मिनिटं, सपाट रस्ता. दिल्ली गेट, हिमायत बाग, सलीम अली सरोवर हा भाग पहाटे शांत असतो.

तिसरा-चौथा आठवडा : चार दिवस, तीस ते चाळीस मिनिटं. बेगमपुऱ्यातून मकबऱ्याकडे, तिथून विद्यापीठाच्या परिसरात. तिथले हलके चढ पायांना तयार करतात.

पाचवा-सहावा आठवडा : मधल्या दिवशी तेवढंच, पण रविवारी १५ ते २० किलोमीटर.

सातवा-आठवा आठवडा : एका रविवारी दौलताबाद. शहरातून किल्ला साधारण १५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३०. किल्ल्यासमोर थांबा, चहा घ्या, परत फिरा.

वेग किती? बोलता आलं पाहिजे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटत असेल तर कमी करा. गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरू द्या. जड गिअर रेटल्यानं मर्दानगी सिद्ध होत नाही, गुडघे जातात. पंधरा सेकंदांत एक पाय अठरा-वीस वेळा फिरला की झालं.

दौलताबादच्या पुढचा घाट पहिल्या दोन महिन्यांत नको. जमू लागलं की वर कागजीपुरा लागतो, हातकागदासाठी ओळखलं जाणारं गाव, आणि पुढे खुल्दाबाद. घाट चढताना घाई करू नका, थांबण्यात लाज नाही. खरा धोका उतरताना आहे. वळणाआधी वेग कमी करा, दोन्ही ब्रेक वापरा, नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. सुट्टीच्या दिवशी वेरूळकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात, म्हणून नऊच्या आत घरी. आणि घरी आल्यावर तीस किलोमीटरच्या खुशीत नान-खलियाची दुसरी प्लेट मागवू नका, सगळी मेहनत तिथेच फिटते.

रमजानमध्ये आम्ही लांब फेरी बंद ठेवतो. असरनंतर, इफ्तारच्या आधी वीस मिनिटं हळू, किंवा तरावीहनंतर थोडं. साखरेचं औषध घेणाऱ्यांनी रोजात सायकल चालवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आपल्यासारख्यांना कुठपर्यंत जाता येतं? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. दोघंही दवाखाना सांभाळणारे डॉक्टर. आम्हाला अमेरिका नको, दौलताबाद पुरे. पण कामधंदा करून सराव होतो, एवढं त्यातून कळतं.

आता ती जिन्याखालची सायकल

सर महिनाभर फिरले. वजन थोडं उतरलं, झोप सुधारली. एका रविवारी ते घरी आले तेव्हा मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "अब्बू, ती सायकल माझी होती."

सरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो. कारण आम्ही हे रोज बघतो. सातवीपर्यंत मुली सायकलवर शाळेत येतात. आठवीत सायकल धाकट्या भावाकडे जाते किंवा जिन्याखाली. मग रिक्षा परवडली तर शाळा, नाहीतर "घर से दूर है". गैरहजेरी वाढते. कुणी मारत नाही, कुणी रागावत नाही. फक्त सायकल बंद होते, आणि तिच्यामागे हळूहळू बाकीचंही बंद होतं.

गंमत बघा. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते, ती आठवी ते बारावीत. म्हणजे सरकार ज्या वर्गात सायकल देतं, त्याच वर्गात आपण ती काढून घेतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले गेले, आणि मुलींची शाळेतली संख्या त्यानं वाढल्याचं संशोधकांनी नोंदवलं. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, त्यांत मुस्लिम बायकाही होत्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, अफगाणिस्तानची मासूमा अलीजादा निर्वासितांच्या संघाकडून सायकल शर्यतीत उतरली. हेल्मेटखाली डोक्यावर कापड होतं.

पालकांची काळजी आम्ही खोटी मानत नाही. रस्ता खराब आहे, छेडछाड होते, लोक बोलतात. त्यावर उपाय आहेत. तीन-चार मुलींनी मिळून एकत्र जावं. रस्ता आधी अब्बू किंवा भाईनं स्वतः सायकलवर जाऊन पाहावा. कपडे आपल्या पसंतीचे, फक्त चेनपासून दूर. लोक बोलतात त्याला उपाय एकच : चार घरांनी एकाच वेळी सुरू करावं. एका मुलीबद्दल लोक बोलतात, दहा मुलींबद्दल त्यांना बोलायचा कंटाळा येतो.

सरांनी स्वतःसाठी जुनी हायब्रिड घेतली आणि मुलीची सायकल मिस्त्री चाचांकडून नीट करून तिला परत दिली. सीट आता चार बोटं वर घ्यावी लागली, इतकी ती मधल्या काळात वाढली होती. आज ती दहावीत आहे, मैत्रिणींबरोबर सायकलवर शाळेत जाते. रविवारी विद्यापीठापर्यंत अब्बूंच्या पुढे असते. सरांच्या गोळ्या बंद झालेल्या नाहीत, पण डॉक्टरांनी वाढवलेल्याही नाहीत.

तुमच्या जिन्याखाली कुणाची सायकल आहे ते आज बघा. हवा भरा, सीटची उंची तपासा. आणि ज्याची किंवा जिची ती आहे, त्यांना आधी विचारा.