गिटारचं लाकूड, मिरजेचा भोपळा

मुलगा किंवा मुलगी गिटार शिकायला लागली, की काही महिन्यांत घरात एक प्रश्न येतोच : पुढची, जरा चांगली गिटार कोणत्या लाकडाची घ्यायची? दुकानदार स्प्रूस, सीडर, महोगनी, रोझवूड अशी नावं सांगतो. नाव बदललं की किंमतही बदलते, काही वेळा दुपटीनं. रोझवूडचा आवाज ‘गोड आणि खोल’, महोगनीचा ‘उबदार’, मेपलचा ‘लखलखीत’, अशी विशेषणंही सोबत मिळतात. यात खरं किती आणि ऐकीव किती, हे विज्ञानाला विचारता येतं. त्याच्या उत्तराचा एक भाग परदेशातल्या प्रयोगशाळेतून आला आहे, तर दुसरा सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेला आहे.

आधी आवाज कसा तयार होतो ते पाहू. नुसती ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. बारीक तार हवेतून इकडून तिकडे जाते, पण फारशी हवा हलवू शकत नाही. गिटारमध्ये हे काम वरची पातळ फळी करते. तार घोडीला हलवते, घोडी फळीला आणि फळी हवेला. सतार-तंबोऱ्यात याच फळीला ‘तबली’ म्हणतात. तिची जाडी असते अवघी दोन-तीन मिलिमीटर. तिच्यावर तारांचा मिळून साठ-सत्तर किलोंचा ताण असतो. तो ताण तिनं वाकल्याशिवाय सोसायला हवा आणि तारेच्या एवढ्याशा धक्क्यानं थरथरायलाही हवं. म्हणजे लाकूड एकाच वेळी ताठ आणि हलकं हवं.

हा मेळ सर्वांत चांगला साधतो तो स्प्रूसमध्ये. थंड प्रदेशातलं हे सूचिपर्णी झाड सावकाश वाढतं. त्याचं लाकूड घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो भरतं. तरीही त्याच्या रेषेच्या दिशेनं ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरच्या आसपास वेगानं धावतो. हवेतला वेग आहे सुमारे ३४० मीटर. सीडर त्याहून थोडं हलकं आणि मऊ. ते हलक्या बोटांना लगेच साद देतं, म्हणून नायलॉनच्या तारांच्या गिटारीत ते अनेकांना आवडतं. शिसव म्हणजे रोझवूड मात्र घनमीटरला ८०० किलोंच्या आसपास जातं. ते फळीला वापरलं तर तारेची बरीचशी शक्ती ते जड लाकूड हलवण्यातच खर्च होईल. म्हणून त्याची जागा असते पाठीला आणि बाजूंना. तिथंच महोगनी, मेपल, अक्रोड अशी लाकडंही येतात.

म्हणजे वरच्या फळीचं लाकूड महत्त्वाचं, यावर वाद नाही. वाद आहे तो पाठीच्या लाकडाबद्दल, आणि जास्तीचे पैसे मोजले जातात ते मुख्यतः त्याच लाकडासाठी. शिसवाचा तुकडा बोटानं वाजवला तर घंटेसारखा घुमतो. महोगनीचा तुकडा लवकर गप्प होतो. हा फरक खराच आहे. पण गिटारची पाठ वाजवणाऱ्याच्या अंगाला टेकलेली असते, आणि ऐकणाऱ्याकडे जाणारा बहुतेक आवाज वरच्या फळीतून आणि मधल्या छिद्रातून येतो. सुट्या तुकड्यात ऐकू येणारा फरक जोडलेल्या वाद्यात किती उरतो, हा खरा प्रश्न.

स्पेनचे नामांकित कारागीर अँतोनियो दे तोरेस यांनी हे १८६२ मध्येच तपासून पाहिलं. त्यांनी एक गिटार बनवली, तिची वरची फळी लाकडाची ठेवली, आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाजाची करामत फळीत आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

दीडशे वर्षांनंतर इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारला. त्यांचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका अनुभवी कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. मापं, वरची फळी, तारा सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं : ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचा काळा चश्मा लावून वाजवल्या. लाकूड दिसेना, तेव्हा सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे निघाले. सर्वांत दुर्मीळ आणि महाग लाकूड वरचढ ठरलं नाही. एक गिटार दुसरीपासून ओळखणंही वादकांना कठीण गेलं.

कानाला वाटतं ते मोजून पाहायचं, हा विचार सातारा-सांगलीला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या मदतीनं श्रुतींची मोजमापं केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी साताऱ्यात इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या पुढाकारानं पश्चिम भारताची ‘फिलहार्मोनिक सोसायटी’ उभी राहिली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढं वाद झाले, पण सूर तारेवर मोजता येतो, ही दृष्टी इथं तेव्हापासून आहे.

आता मिरज. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि ‘सतारमेकर’ हेच पुढं अनेक घरांचं आडनाव झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या तंबोऱ्याची रचना पाहिली, तर गिटारच्या प्रश्नाचं उत्तर समोर दिसतं. त्याची पाठ कोणत्याही लाकडाची नसते, ती भोपळ्याची असते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे, जाड सालीचे कडू भोपळे वाळवून, आतला गर काढून वापरले जातात. दांडी आणि तबली असते तूण या झाडाच्या लाकडाची. तूण कडुनिंबाच्या आणि महोगनीच्याच कुळातला. लाकूड तांबूस, घनमीटरला ५०० किलोंच्या आसपास, कोरायला सोपं. दुर्मिळतेबद्दल कोणी त्याला भाव देत नाही. जगातल्या सर्वांत समृद्ध नादांपैकी एक नाद देणाऱ्या वाद्याची पाठ शेतात पिकलेल्या भोपळ्याची आहे!

मग तो नाद येतो कुठून? मोठा वाटा घोडीचा. गिटारची तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला किंचित गोलाई असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून कारागीर जवारी लावतात, त्यामुळं थरथरणारी तार घोडीला पुनःपुन्हा हलकेच स्पर्श करते आणि स्वरामागचे अनेक वरचे स्वर जागे होतात. नेहमीच्या नियमानुसार जे स्वर तारेतून उमटायला नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवलं. ही घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबराच्या शिंगाची असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यात पुढं बदल होत गेले, आणि कारागिरांना दुसरी सामग्री शोधावी लागली. तंबोरा त्यामुळं मुका झाला नाही. घोडीची गोलाई घासणारा हात महत्त्वाचा होता, आणि तो कायम होता.

हा अनुभव आज शिसवाच्या बाबतीत आठवायला हवा. सह्याद्रीत वाढणारा शिसव हाच गिटारवाल्यांचा ‘इंडियन रोझवूड’. त्याला मोठं व्हायला अनेक दशकं लागतात, आणि निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यातल्या झाडांमध्ये गणला जातो. ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या भाऊबंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. वादकांची अडचण झाल्यानं २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, लाकडावरचं नियंत्रण राहिलं. डोळे झाकल्यावर जो फरक वादकालाही ओळखता येत नाही, त्यासाठी शंभर वर्षांचं झाड तोडावं का, हा प्रश्न आता वाद्य घेणाऱ्यापर्यंतही येऊन पोचला आहे.

लाकडाच्या नावापेक्षा त्याचं वाळणं जास्त मोलाचं. लाकूड हवेतली ओल शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. हा बदल रेषेच्या दिशेनं नगण्य, पण आडव्या दिशेनं बराच असतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जत-आटपाडीत पाचशे-सहाशेच्या आसपास. पावसाळ्यात घाटमाथ्यावर फुगलेली गिटार उन्हाळ्यात सांगलीकडे आणली तर फळीला चीर पडू शकते किंवा दांडी वाकू शकते. वाद्य पेटीत ठेवावं, हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या जवळ राहील असं पाहावं, आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये.

या लाकडाची एक बाजू थेट आरोग्याची आहे, आणि ती ग्राहकाला दिसत नाही. वाद्य घासताना उडणारी धूळ कारागिराच्या नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरलं. वर्षानुवर्षं अशी धूळ घेणाऱ्यांत नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग अधिक आढळतो. शिसवाच्या कुळातल्या लाकडांतल्या रसायनांमुळं काहींच्या हाताला आणि चेहऱ्याला खाज, पुरळ येतं. पश्चिम अमेरिकेतल्या लाल सीडरच्या धुळीनं कामगारांना दमा होतो, हेही सिद्ध आहे. सुट्टीच्या दिवशी खोकला आणि धाप कमी, कामावर आलं की पुन्हा सुरू, असं होत असेल तर ती धुळीची खूण असू शकते. डॉक्टरांकडं जाताना आपण कोणतं लाकूड घासतो, हेही सांगावं.

उपाय अवघड नाहीत. घासकाम उघड्या, वाऱ्याच्या जागी करावं. साध्या रुमालाऐवजी बारीक कण अडवणारा एन-९५ मास्क नाकाला नीट बसवून लावावा. धूळ झाडूनं किंवा हवेच्या झोतानं उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावी किंवा यंत्रानं ओढून घ्यावी. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि ज्या खोलीत घासकाम चालतं तिथं लहान मुलांना झोपवू नये. घर आणि कारखाना एकाच छताखाली असतो, तिथं हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं.

मग गिटार घेताना काय पाहावं? वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची, हे आधी विचारावं. पाठीसाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा ते फळीसाठी द्यावेत. दांडी सरळ आहे का, पडद्यांवर तार खरखरते का, घोडी फळीपासून सुटत नाही ना, हे तपासावं. आणि शेवटी दुकानदाराला वाजवायला सांगून, त्याच्याकडं पाठ फिरवून, दोन-तीन गिटारी ऐकाव्यात. लाकडाचं नाव तेव्हा कानात शिरत नाही, फक्त आवाज शिरतो.