मांडीवरचे मूल

चवथ जवळ आली की पणजी, मडगाव, वास्को येथे नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेली गोमंतकीय कुटुंबे आपापल्या मूळ घराची वाट धरतात. गाडीच्या डिकीत माटोळीचे सामान, मागच्या बैठकीवर आजी आणि मोठी मुले, आणि पुढे, चालविणाऱ्याच्या शेजारी, आईच्या मांडीवर घरातले सर्वांत धाकटे मूल. नारळ घरंगळू नयेत म्हणून पोत्याचे तोंड दोरीने आवळलेले असते. मूल तेवढे मोकळे असते.

हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. गोव्यातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे मोटार असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. ज्या प्रदेशात मोटार ही चैन राहिली नाही, त्या प्रदेशात मोटारीत मूल कसे बसवावे याचे ज्ञानही घरोघरी असावयास हवे होते. ते नाही. गाडीच्या काचांना काळे पडदे आणि बैठकींना नवे अभ्रे यांवर काही हजार रुपये सहज खर्च करणारा सद्गृहस्थ तेवढ्याच किमतीच्या बाल-आसनाला ‘परदेशी थेर’ म्हणून नाक मुरडतो.

आमच्या घरातील एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. त्यात प्रौढी मिरविण्यासारखे काही नाही. परदेशी असलेली आमची कन्या चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली ती येताना बाल-आसनही घेऊन आली. कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो त्या सकाळी ते आसन आम्हीच मोठ्या उत्साहाने गाडीत बसविले. बाणस्तारीच्या पुढे नात रडू लागली. कन्या नको नको म्हणत असता आम्ही आजोबापणाच्या अधिकारात तिला सोडवून मांडीवर घेतले. फर्मागुडीच्या चढावर एक गाय अचानक आडवी आली आणि चालकाने ब्रेक दाबला. वेग तो काय, चाळीसच्या आतबाहेर! तरीही मूल हातांतून असे निसटले की जणू आम्ही ते धरलेच नव्हते. पुढच्या बैठकीच्या पाठीवर तिचे कपाळ आपटले. सुदैवाने टेंगळावर भागले. कन्या एक शब्दही बोलली नाही. तिने मुलीला पुन्हा आसनात ठेवले, पट्टे आवळले, आणि आसन धरून हलवून पाहिले. ते वीतभर सरकत होते. म्हणजे नात आसनात असती आणि टक्कर खरीच झाली असती, तरी आमच्या त्या सकाळच्या उत्साहाचा तिला फारसा उपयोग झाला नसता.

‘मी घट्ट धरीन’ हे प्रत्येक आई म्हणते, आणि मनापासून म्हणते. तिच्या मायेविषयी शंका नाही, शंका मनगटाविषयी आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे बाळ त्या घटकेला दोनशे किलोचे होते, आणि हे सारे घडते दशांश सेकंदाहूनही कमी वेळात. दहा मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखाच हा आघात. यापेक्षाही घातक प्रकार म्हणजे एकच सीट बेल्ट आई आणि मूल या दोघांभोवती गुंडाळणे. टक्कर झाली की आईच्या देहाचा सारा भार आणि पट्टा यांच्यामध्ये मूल चिरडले जाते.

मांडीचा हा मोह केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने लहान मुलांना बाल-आसन सक्तीचे करणारा त्या देशातील पहिला कायदा केला. तो १९७८ च्या आरंभी अमलात आला. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी जिवाचे रान केले होते. पण विधिमंडळाने त्यात एक पळवाट घातलीच: मोठ्या माणसाने मूल हातात धरले असल्यास आसनाची गरज नाही! ही पळवाट बुजवायला १९८१ साल उजाडावे लागले. त्यानंतर मात्र १९८५ पर्यंत अमेरिकेतील पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

स्वीडनने त्याआधीच निराळ्या दिशेने विचार केला होता. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून असतात, म्हणजे जोर सर्व पाठीवर विभागला जातो, हे पाहून बर्टिल आल्डमान या संशोधकाने १९६४ च्या सुमारास गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करणारे बाल-आसन तयार केले. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्ट्याने अडते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. उलट बसलेल्या मुलाला आसनाची पाठ झेलते. युरोपात आता नव्या नियमाप्रमाणे किमान पंधरा महिन्यांपर्यंत मूल उलटेच बसवावे लागते. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतही बसवितात. पाय मुडपतात म्हणून घाईने आसन फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुडपलेल्या पायांची मुलांना मुळीच अडचण होत नाही.

आता बसविण्याविषयी. आसन शक्यतो मागच्या बैठकीवरच असावे. पुढे एअरबॅग चालू असेल तर तिच्यासमोर उलटे आसन कदापि ठेवू नये. ती फुगते तो धक्काच बाळाचा जीव घेऊ शकतो, आणि २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही बैठकींना ती असतेच. गाडीत आयसोफिक्सच्या कड्या असल्यास (बैठक आणि पाठ यांच्या फटीत बोटे घालून पाहावे) आसनाचे दोन्ही आकडे त्यांत खटकन बसले पाहिजेत. नसल्यास सीट बेल्ट आसनावर दाखविलेल्या मार्गानेच ओवावा, गुडघ्याने आसन दाबून पट्टा खेचावा, आणि मग जेथून पट्टा जातो तेथे धरून हलवावे. इंचभराहून अधिक हलले तर काम पुरे झाले नाही असे समजावे. खांद्यांवरचे पट्टे उलट्या आसनात खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, आणि पुढे तोंड असलेल्या आसनात रेषेत किंवा किंचित वरून यावेत. ते पिळलेले नसावेत, आणि खांद्यापाशी चिमटीत धरायला घडी सापडू नये. पावसाळ्यात रेनकोट घालूनच मुलाला आवळण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने पट्टा घट्ट वाटतो पण असतो सैल. वैशाखात उन्हात उभ्या गाडीतले बक्कल मुलाच्या अंगाला लावण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावे. एकदा अपघातात सापडलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले आसन फुकट मिळाले तरी घेऊ नये. मूल वाढले म्हणजे बूस्टर. मोठ्यांचा पट्टा गळ्यावरून न जाता खांद्याच्या मध्यावरून आणि पोटावरून न जाता मांड्यांच्या वरच्या बाजूने जाईल एवढी उंची येईपर्यंत, म्हणजे साधारण १३५ ते १५० सेंटिमीटरपर्यंत, तो सोडू नये.

ही उठाठेव निष्कारण नव्हे. योग्य आसनामुळे मोटारीतील मृत्यूचा धोका एक वर्षाखालील बालकांत ७१ टक्के आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत ५४ टक्के कमी होतो, असे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याचे अनुमान आहे. त्याच खात्याच्या पाहणीत निम्म्याच्या जवळपास आसने सदोष रीतीने वापरली जात असल्याचेही दिसून आले. आमचे सरकणारे आसन काही अपवाद नव्हते तर!

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९४-ब या कलमानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित केले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. कोणत्या वयाला कोणते आसन हे मात्र ते कलम सांगत नाही. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा घालणारा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. हे कोणी पाळताना आमच्या तरी पाहण्यात आलेले नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मागच्या बैठकीवर अपघाती अंत झाला तेव्हा पट्ट्याची चर्चा देशभर झाली. मुलांचा विषय तेव्हाही बाजूलाच राहिला. भाड्याच्या मोटारींचा परवाना देताना मागणी केल्यास बाल-आसन पुरविण्याची अट घालावी आणि प्रसूतिगृहांनी बाळंतिणीला घरी धाडताना दोन शब्द सांगावेत, एवढे तर वाहतूक आणि आरोग्य खात्यांना सहज जमण्याजोगे आहे.

कन्या परत निघाली त्या दिवशी मोपाला जाताना आसन आम्हीच पुन्हा बसविले, पुस्तिका समोर ठेवून, आणि तिने ते हलवून पाहिले. पर्वरी सोडल्यावर नात रडू लागली. दहा मिनिटे रडली. आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो. कोलवाळचा पूल यायच्या आत ती झोपी गेली.