मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट? नको रे बाबा!

गावाकडच्या घराला ‘एथ्निक लुक’ द्यायचाय? मग कॅटलॉग बाजूला ठेवा आणि आधी भिंतीला हात लावून बघा...

नाशिककरांच्या वीकेंडचा नवा फंडा माहितीये? गंगापूर डॅमवर चक्कर, गरमागरम भजी आणि घरी परत, हे आता जुनं झालं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आणि कॉलेज रोडच्या ऑफिसांत आठवडाभर मान मोडून काम करणारी मंडळी शनिवारी सकाळी गाडी काढतात आणि आजी-आजोबांच्या बंद घराचं गंजलेलं कुलूप उघडतात. कुणाचं घर दिंडोरीकडे, कुणाचं त्र्यंबकच्या वाटेवर, कुणाचं थेट पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात. मोबाइलमध्ये ‘रस्टिक होम’चे शेकडो फोटो सेव्ह केलेले असतात. बजेट बेताचं, उत्साह मात्र भरपूर!

माझी एक मैत्रीण याच पंथातली. एचआरमध्ये आहे, माणसं जोडून ठेवायची तिला सवय आहे. त्र्यंबक रोडपासून आत असलेल्या एका गावात तिच्या आजीचं तीन खणांचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, मागे पडवी, भिंतीत कोनाडे, सागाचं दार... सगळं फोटोतल्यासारखं. पण चुलत भावांचा निरोप साफ होता : ‘एक पावसाळा टिकलं तर ठेवू, नाहीतर जेसीबी लावू आणि स्लॅब टाकू.’ त्यात कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं. भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, त्यावर मातकट शेडचा प्लास्टिक पेंट, खाली टाइल्स आणि दर्शनी भिंतीवर वारलीचं स्टिकर. म्हणजे खऱ्या मातीवर सिमेंट आणि सिमेंटवर मातीचा रंग. आहे की नाही गंमत?

भिंतीला घाम येतो तेव्हा...

गंमत इथेच संपते, कारण प्रश्न नुसत्या लुकचा नाही. मातीची भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढत असते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल हवेत उडून जाते. सिमेंट लावलंत की वाट बंद! ओल आतच साठते, माती मऊ पडते आणि वरून टकाटक दिसणारी भिंत आतून पोखरत जाते. मग एका पावसात प्लास्टरचा पोपडा सुटतो, तो सोबत मूठ-मूठ माती घेऊनच. लोक म्हणतात, ‘बघा, मातीची घरं टिकत नाहीत!’

मैत्रिणीच्या घरात याचा पुरावाच उभा होता. पुढच्या भिंती आजीच्या वेळच्या, नुसत्या मातीच्या. त्या ठणठणीत होत्या. मागची एकच भिंत काही वर्षांपूर्वी कुणीतरी ‘पक्की’ केलेली, सिमेंटची. पोट सुटलं होतं ते नेमकं तिलाच!

मग कोटेशन बाजूला राहिलं. गावातल्या एका जुन्या गवंड्याला गाठलं. त्याने आधी घराकडे नाही, घराच्या कडेला पाहिलं. परसातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या दगडांवर चढली होती. आधी ती काढली आणि पागोळ्यांचं पाणी लांब जावं म्हणून चर खणली. सरकलेली कौलं नीट बसवली. मागच्या भिंतीचं सिमेंट हलक्या हाताने खरवडलं. मग गाळलेली माती, भाताचा पेंढा बारीक तोडून आणि शेण असं सगळं भिजवून, तुडवून, काही दिवस मुरवून हातानेच थापलं. पेंढ्याच्या काड्या मातीला धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना तडे कमी जातात. साहित्य जवळपास फुकट. पैसे लागतात ते मजुरीला आणि वेळ लागतो वाळायला. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आसपास आटपायचं असतं.

पावसाळा आला, गेला. भिंत जागेवर आहे. चुलत भावांनी जेसीबीचा विषय अजून तरी परत काढलेला नाही. उलट दिवाळीत त्यांची मुलं ओटीवर झोपायला भांडत होती म्हणे!

नाशिकची अमेरिकन सूनबाई

‘हे सगळं आजीच्या काळात ठीक होतं’ असं वाटत असेल, तर दीदी कॉन्ट्रॅक्टर हे नाव लक्षात ठेवा. 1929 मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या डेलिया किन्झिंगर. आई-वडील दोघंही चित्रकार. नारायण कॉन्ट्रॅक्टर या सिव्हिल इंजिनिअरशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि 1950 च्या दशकात कुठे राहिल्या? आपल्या नाशकात, सासरच्या एकत्र कुटुंबात! पुढे मुंबईत जुहूला आणि 1970 च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. तिथे त्यांनी माती, बांबू, नदीतले दगड आणि स्लेटची घरं बांधली. आर्किटेक्चरची डिग्री नसताना! 2019 मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये वयाच्या 91 व्या वर्षी त्या गेल्या. मुलगी किरिन नारायण यांनी 2007 मध्ये ‘माय फॅमिली अँड अदर सेंट्स’ या पुस्तकात या कुटुंबाबद्दल लिहिलंय.

त्यांच्या घरांचे फोटो नेटवर जरूर बघा. कोनाडे, फडताळं, बसायचे कट्टे सगळं भिंतीतूनच उगवल्यासारखं. सजावट वेगळी आणून चिकटवलेली नाही, घरच सजावट आहे. तुमच्या आजीच्या घरात हे आधीच असेल, तर वेगळं शोकेस कशाला हवं? कोनाड्यात एक पणती किंवा दोन पुस्तकं ठेवा, काम फत्ते.

शॉपिंग? चला जुन्या नाशकात!

मॉलमधलं ‘अँटिक फिनिश’ विसरा. पहिला मुक्काम सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा. हा विकत घ्यायला नाही, बघायला! काळा दगड, लाकूड आणि चुना एकत्र कसे नांदतात ते डोळे भरून बघा. मग भांडी बाजार. तांब्या-पितळेसाठी नाशिक पूर्वीपासून नावाजलेलं. तांबट लेन हे नाव उगाच नाही पडलं. हातोडीच्या ठोक्यांनी उठवलेल्या मठाराच्या खुणा तांब्याच्या घंगाळावर उजेडात काय चमकतात! मोडीत निघालेलं घंगाळ ओटीवर ठेवा आणि पाण्यात झेंडूची फुलं सोडा. जुना बंब कोपऱ्यात उभा केला तरी खोली भरते. मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, टोमॅटो अजिबात नको.

सुंभाने विणलेली बाज, बुरडाकडच्या टोपल्यांचे लॅम्पशेड, माळ्यावरच्या रांजणात मनीप्लांट... हे सगळं कमी पैशांत जमतं. आणि गोधडी! आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी भिंतीवर टांगली तर कुठलंही पेंटिंग फिकं पडेल. शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत. फक्त ‘जुन्या कपड्यांचीच तर आहे’ म्हणून भाव पाडू नका. हजारो टाके हाताने घातलेले असतात.

वारली : स्टिकर की माणूस?

वारली चित्राशिवाय हल्ली कॉफी शॉपसुद्धा उघडत नाही. पण ही कला जिवंत आहे ती आपल्या शेजारच्या डोंगरात. मूळची ती बायकांची. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहीत. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. 1970 च्या दशकात डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे ही कला कागदावर, कापडावर घेऊन आले आणि ती जगभर पोचली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. 2014 पासून वारली चित्रकलेला जीआय टॅगही आहे.

म्हणून स्टिकरऐवजी कलाकाराला घरी बोलवा. दर आधी ठरवा, राहण्या-जेवणाची सोय करा, आणि चित्राखाली त्याचं किंवा तिचं नाव लिहून घ्या. आपण नाही का, रिपोर्टवर आपलं नाव नसलं की चिडतो? आणि लग्नाचा चौक हा देवकार्याचा भाग आहे, बाथरूमच्या भिंतीसाठी तो मागू नका. शेतं, मोर, तारप्याभोवतीचा नाच... विषय भरपूर आहेत.

शेण आणणार कुठून?

सगळ्यात अवघड काम कुठलं? सारवण! आठ-दहा दिवसांनी जमीन सारवायलाच हवी, नाहीतर पोपडे सुटतात. मैत्रिणीच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “सारवीन गं पोरी, पण शेण कुठून आणशील? निम्म्या गावाने गुरं विकली.” मुद्दा बिनतोड होता. शेवटी माजघर आणि ओटी तेवढी मातीची ठेवली आणि पडवीत शहाबादी फरशी आली. काकूंना महिन्याचे पैसे ठरले. बंद घर उघडलं की कोळी, वाळवी, ओल लगेच दिसते, त्यामुळे आठवड्याला कुणाचा तरी हात फिरणं हीच त्या घराची खरी मेंटेनन्स पॉलिसी आहे. हँडमेड घर म्हणजे एकदा केलं आणि झालं असं नसतं. ज्या हातांनी ते टिकतं, त्यांच्यासाठी बजेटमध्ये पहिली ओळ ठेवा. कुशन कव्हरं नंतर.

कामाला लागण्यापूर्वी...

• तुळयांवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर आधी सुतार, मग रंग.

• दाराचा जुना ऑइलपेंट खरवडून अळशीचं तेल द्या. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा.

• भिंतींना चुन्याची सफेदी उत्तम. पण कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे हवेतच. लहान मुलांना लांब ठेवा.

• वायरिंग नवं करा, पाइपातून न्या. अर्थिंग आणि आरसीसीबी यात काटकसर नको.

• स्वतःचं गाव नाही? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. गावठाणातल्या घराची गोष्ट वेगळी; कागद वकिलाला दाखवूनच इसार द्या.