तासाला सव्वाशे मिलिलिटर

ब्रिटनमध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य सेवेतही होते. तिथे इतरांना सर्वसाधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० लागतो; दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना ३७.५ पुरतो, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पुरेसं पाणी पिण्याचा प्रश्न तिथल्या मराठी घरांचाही आहे.

यातल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. बायपासमध्ये वरची पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची उरते. पाणी मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं, आणि ते काम चालूच असतं. अडतं ते तिथवर पोचताना. ताज्या टाक्यांची सूज असते, घटाघटा प्यायलं की छातीखाली कळ येते, उलटी होते. मग माणूस पिण्यालाच धास्तावतो.

एरवी शरीराला मिळणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा वरण, भाजी, फळं असं अन्नच पुरवतं. आता तोही आटलेला असतो. म्हणून आहारतज्ज्ञ दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव घ्यायला सांगतात. दोन लिटर जागेपणीच्या सोळा तासांत वाटले तर तासाला सव्वाशे मिलिलिटर पडतात. पण खाताना आणि नंतर अर्धा तास प्यायचं नसतं, त्यामुळे उरलेल्या वेळात घोट-घोट पीत राहावं लागतं. फसफसणारी पेयं वर्ज्य. बिनसाखरेचा चहा आणि पातळ ताक हिशेबात धरतात.

ब्रिटनच्या थंडीत, हीटर लावलेल्या घरात तहान फारशी जाणवत नाही. उन्हाळाही आता सौम्य राहिलेला नाही: १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीत ४०.३ अंश नोंदले गेले. अशात हरतालिकेचा निर्जळी उपवास आला, तर या शस्त्रक्रियेनंतर तो धरू नये, असं मला ठामपणे वाटतं. हा उपवास स्त्रिया धरतात, आणि ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांतही स्त्रियाच बहुसंख्य आहेत.

लघवी गडद होणं, उभं राहताच भोवळ येणं या पाणी कमी पडल्याच्या खुणा ओळखायला हव्यात. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस डॉक्टरांनी पुन्हा ठरवावा लागतो. उलट्या थांबतच नसतील तर थांबून पाहू नये, रुग्णालय गाठावं. तेव्हा फक्त ग्लुकोजचं सलाईन पुरत नाही. त्याआधी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. त्याच्या अभावी मेंदूला इजा होऊ शकते. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली असेल, तर ती झाल्याचं या रुग्णालयातल्या डॉक्टरांना गेल्यागेल्या सांगावं.