नागपूरची मेट्रो आणि वर्ध्याचे अपडाउन

हलकी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेपेक्षा लहान गाड्यांची, जवळजवळ थांबे घेणारी आणि शहराच्या रस्त्यांशी जुळवून घेणारी विजेची रेल्वे. डबे कमी, वळणे तीव्र, फलाट आखूड. ‘हलकी’ हा शब्द रुळांच्या वजनापेक्षा तिच्यावरच्या गर्दीला लागू पडतो. ट्राम हे तिचे सर्वांत जुने रूप. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये ती विजेवर गेली आणि 31 मार्च 1964 रोजी बंद पडली. त्यानंतर शहरी रेल्वे म्हटले की महाराष्ट्रात आधी लोकल आणि नंतर मेट्रो एवढेच डोळ्यांसमोर येऊ लागले. मधली पायरी लोक जवळजवळ विसरले. केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’चे आणि 2020 मध्ये रबरी टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’चे निकष जाहीर केले, तेव्हा मध्यम शहरांसाठी ही पायरी पुन्हा चर्चेत आली.

वर्धा जिल्ह्यात आज मेट्रो नाही, ट्रामही नाही. पण शहराबाहेर रेल्वे कशी वाढवावी हा प्रश्न विदर्भात सर्वांत स्पष्टपणे उभा आहे तो नागपूर ते वर्धा या पट्ट्यातच. अंतर सुमारे 75 किलोमीटर. वर्ध्याहून नागपूरला शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला रोज अपडाउन करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उलट दिशेने सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघेच्या दवाखान्यात जाणारे रुग्ण व नातेवाईक, हिंदी विश्वविद्यालयाचे विद्यार्थी आणि सेवाग्राम आश्रम पाहायला येणारे प्रवासी असतात. या दोन टोकांच्या मधोमध बुटीबोरीची मोठी औद्योगिक वसाहत आहे.

नागपूर मेट्रोची पायाभरणी ऑगस्ट 2014 मध्ये झाली. खापरी ते सीताबर्डी हा पहिला भाग मार्च 2019 मध्ये सुरू झाला, लोकमान्य नगरकडची मार्गिका जानेवारी 2020 मध्ये, आणि 11 डिसेंबर 2022 रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भागही त्याच दिवशी खुला झाला. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च 8,680 कोटी रुपये होता आणि लांबी सुमारे 40 किलोमीटर. तो पूर्ण होण्याच्या चार दिवस आधी केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली होती: 43.8 किलोमीटर, 32 स्थानके, 6,708 कोटी रुपये.

हा दुसरा टप्पा सबंध उपनगरांसाठीच आहे. पहिल्या टप्प्याची चारही टोके त्यात पुढे सरकतात. उत्तरेला कन्हान नदीपर्यंत सुमारे 13 किलोमीटर, पूर्वेला ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत साडेपाच, पश्चिमेला हिंगण्यापर्यंत साडेसहा आणि दक्षिणेला मिहानपासून बुटीबोरीपर्यंत सर्वांत लांब, सुमारे साडेअठरा किलोमीटर. वर्ध्याच्या दृष्टीने हा शेवटचा फाटाच महत्त्वाचा. तो वर्धा रोडच्या कडेने डोंगरगाव, मोहगाव ओलांडून एमआयडीसीत शिरतो आणि तिथेच थांबतो.

अशी मार्गिका आखताना पहिला प्रश्न असतो किती माणसे जातील हा. नियोजनकार दिवसभराचा आकडा बघत नाहीत. गर्दीच्या सर्वांत वाईट तासात एका दिशेने किती प्रवासी जातात, हे माप ते धरतात. हिशेब सोपा आहे. साठ माणसांची बस दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला 1,800 माणसे जातात. तीनशे माणसांची हलकी रेल्वे तेवढ्याच अंतराने सोडली तर 9,000. मेट्रोलाइटच्या निकषांत ताशी दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंतची गर्दी धरली आहे. त्याखाली बस पुरते, त्यावर पूर्ण मेट्रो लागते. उपनगराकडे जाताना हा आकडा प्रत्येक स्थानकागणिक घटत जातो, कारण माणसे उतरत जातात आणि नवी चढत नाहीत. म्हणून शहरात शोभणारी उन्नत मेट्रो शेवटच्या पाच-सात किलोमीटरमध्ये महाग पडू शकते.

बुटीबोरीची गर्दी आणखी वेगळी आहे. कार्यालयांचे कर्मचारी सकाळी नऊ-दहाला निघतात. कारखान्यांच्या पाळ्या साधारणपणे सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या सुमारास बदलतात. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याच्या गाड्या सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहापर्यंत धावत आल्या आहेत. हेच वेळापत्रक बुटीबोरीला लावले, तर पहिल्या पाळीच्या कामगाराला सहाची पहिली गाडी पकडून धावतपळत पोहोचावे लागेल आणि अकराला सुटणाऱ्याला गाडीच मिळणार नाही. तो पुन्हा मोटरसायकलवर, कंपनीच्या बसमध्ये किंवा सहाआसनी ऑटोत बसेल. कोट्यवधींचा पूल उभा राहील आणि ज्याच्यासाठी उभा केला तो माणूस खालून जाईल. उपनगरी मार्गिकेचे वेळापत्रक हा आराखड्याचा भाग आहे. ते बांधकाम झाल्यावर ठरवून चालत नाही.

प्रवाशांचा अंदाज चुकला की काय होते, हे पहिल्या टप्प्यात दिसले. प्रत्यक्ष प्रवासी मूळ अंदाजापेक्षा बरेच कमी राहिले. कारणे अनेक असली तरी घरापासून स्थानकापर्यंतचा प्रवास हे त्यांतले मोठे. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणाने म्हणूनच काही अटी घातल्या. आधी सबंध शहराचा वाहतूक आराखडा हवा. बस, हलकी रेल्वे आणि मेट्रो यांची तुलना कागदावर हवी. समाजाला मिळणारा आर्थिक परतावा किमान 14 टक्के दिसला पाहिजे. आणि स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिसरात जोडबस, पायवाट, सायकल यांची सोय प्रस्तावातच असली पाहिजे. या अटींपैकी शेवटची सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

मंजुरीनंतर पैशाचा प्रश्न येतो. केंद्र आणि राज्य भागभांडवल घालतात, उरलेला मोठा हिस्सा कर्ज असतो. नागपूरच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास बँकांनी कर्ज दिले. स्थानिक वाटा उभा करण्यासाठी नागपुरात मालमत्तेच्या खरेदीवर एक टक्का जादा मुद्रांक शुल्क लावले गेले, आणि मार्गिकेच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटर पट्ट्यात जादा चटई क्षेत्र देण्याचे धोरण आले. याचा अर्थ असा की मेट्रोचा आराखडा हा जमिनीचाही आराखडा असतो. स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर परवडणारी घरे उभी राहिली तर गाडी भरते. तिथे फक्त मोकळे प्लॉट विकत घेऊन ठेवले गेले, तर जमिनीचे भाव चढतात आणि डबे रिकामे राहतात. वर्धा रोडवर मोकळ्या प्लॉटांच्या जाहिराती गाडीच्या कितीतरी आधी येऊन बसल्या आहेत.

बुटीबोरीच्या पुढे मेट्रो का नेता येत नाही? मुख्य कारण खर्चाचे. दुसऱ्या टप्प्याचा मंजूर खर्च किलोमीटरला सुमारे 153 कोटी रुपये पडतो. उरलेल्या जवळजवळ पन्नास किलोमीटरमध्ये शेते आहेत, सिंदी रेल्वे आणि सेलू अशी छोटी गावे आहेत. एवढ्या पैशाचे समर्थन करील अशी गर्दी वाटेत नाही. दुसरे कारण, तिथे रूळ आधीच आहेत. बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, सेवाग्राम ही मध्य रेल्वेची स्थानके वर्ध्याच्या लोकांना पाठ आहेत.

याच रुळांवर एक वेगळी कल्पना मांडली गेली: ब्रॉडगेज मेट्रो. जुलै 2018 मध्ये रेल्वे, राज्य सरकार आणि नागपूर मेट्रोची कंपनी महामेट्रो यांच्यात त्यासाठी करार झाला. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या चार दिशांना वातानुकूलित, वेगवान, वारंवार सुटणाऱ्या गाड्या असा तो आराखडा. नागपूर ते वर्धा 78.8 किलोमीटर, चारही मिळून सुमारे 268 किलोमीटर आणि अंदाजित खर्च 333.60 कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला सव्वा कोटीच्या आसपास. नवा पूल नाही, नवे रूळ नाहीत. खर्च मुख्यतः गाड्यांचा.

जगात या कल्पनेला जुना आधार आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरुह शहराने सप्टेंबर 1992 मध्ये शहराची ट्राम सरळ मुख्य रेल्वेच्या रुळांवर चढवली आणि ब्रेटन या गावापर्यंत नेली. त्यासाठी शहरातील 750 व्होल्ट आणि रेल्वेचे 15,000 व्होल्ट अशा दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवल्या. गावातला माणूस घराजवळ चढतो आणि गाडी न बदलता शहराच्या बाजारपेठेत उतरतो. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या मँचेस्टरने दोन जुने उपनगरी रेल्वेमार्ग हलक्या रेल्वेत बदलून शहराच्या रस्त्यांना जोडले.

नागपुरात तसेच्या तसे करता येत नाही. मेट्रोच्या रुळांमधले अंतर 1,435 मिलिमीटर आहे, भारतीय रेल्वेचे 1,676. मेट्रोची गाडी वर्ध्याच्या रुळांवर जाऊ शकत नाही, वर्ध्याची गाडी सीताबर्डीला येऊ शकत नाही. कुठेतरी उतरून बदलावेच लागेल. ती जागा अजनी, खापरी की बुटीबोरी, आणि तिथे एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला किती पायऱ्या, किती मिनिटे आणि किती तिकिटे लागतील, यावर सगळी योजना तरते किंवा बुडते. लेकराला कडेवर घेऊन दवाखान्यात निघालेल्या बाईला अर्धा किलोमीटर उन्हात चालावे लागले, तर ती बसनेच जाईल. विदर्भाच्या मे महिन्यात हा मुद्दा किरकोळ नाही.

खरी अडचण मात्र रुळांवरच्या गर्दीची आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग नागपूर ते सेवाग्राम या तुकड्यात एकत्र धावतात. सेवाग्रामहून एक फाटा वर्धा-बडनेराकडे आणि दुसरा बल्लारशाहकडे जातो. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस आणि कोळशाच्या मालगाड्या याच रुळांवर. अशा ठिकाणी सगळ्या थांब्यांवर उभी राहणारी गाडी सर्वांत शेवटी सुटते. पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी करून एक्स्प्रेस पुढे काढणे हा पासधारकांचा रोजचा अनुभव आहे. गाडीचे डबे वातानुकूलित केल्याने हा क्रम बदलत नाही. म्हणून सेवाग्राम ते नागपूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचे काम हाच ब्रॉडगेज मेट्रोचा खरा पाया आहे. करार 2018 चा असूनही गाडी सुरू झाली नाही, याचे कारण शोधताना सव्वा कोटीच्या हिशेबाकडे पुन्हा पाहावे लागते. रूळ फुकट धरले होते. त्यांवरची जागा मात्र मोकळी नव्हती.

वर्ध्याच्या टोकालाही बरेच काम आहे. शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 1,06,444 होती, पण शहर तेवढ्यावर संपत नाही. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी ही वस्ती नगरपालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतींत वाढली. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या वर्धा स्थानकात येत नाहीत; त्यांच्या प्रवाशांना सेवाग्राम स्थानकात उतरून ऑटो करावा लागतो. वर्ध्याला ट्रामची गरज पडेल एवढी गर्दी आज नाही. दोन्ही स्थानके, दोन्ही मोठे दवाखाने, विश्वविद्यालय आणि या उपनगरांना गाड्यांच्या वेळेशी जुळवून जोडणारी नियमित बससेवा मात्र आजच हवी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला आणि देवळी रेल्वेने जोडली गेली. वर्ध्याचे उपनगरी जाळे असे हळूहळू आकार घेते आहे, पण ते जाळे म्हणून कोणी आखलेले नाही. पुलगाव-आर्वी ही 1917 ची नॅरोगेज गाडी जिल्ह्यातल्या लोकांच्या अजून आठवणीत आहे. बस तिच्यापेक्षा लवकर पोहोचू लागली आणि गाडीचा प्रवासी सुटला.

नियोजनाची हद्द हाही यातला मोठा अडसर. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे क्षेत्र नागपूर जिल्ह्यापुरते आहे. बोरखेडी ओलांडून सिंदी आली की जिल्हा बदलतो, आणि नियोजन करणारे कार्यालयही. मेट्रो महामेट्रोकडे, रूळ मध्य रेल्वेकडे, एसटी महामंडळाकडे, शहर बस महापालिकेकडे आणि वर्ध्याचे ऑटो कोणाकडेच नाहीत. मेट्रो धोरणात अशा सगळ्यांना बांधणारे एकत्रित वाहतूक प्राधिकरण सांगितले आहे. नागपूर-वर्धा पट्ट्यासाठी ते दोन्ही जिल्ह्यांचे मिळून असायला हवे.

बुटीबोरीच्या फाट्याचे काम चालू असतानाच रेल्वे आणि मेट्रो यांची अदलाबदलीची जागा, एकच तिकीट आणि पाळ्यांना धरून वेळापत्रक ठरवून घेतले पाहिजे. खांब उभे राहिल्यावर पादचारी पूल जोडणे दुप्पट खर्चाचे आणि निम्म्या उपयोगाचे ठरते. वर्ध्याच्या लोकप्रतिनिधींनी, प्रवासी संघटनांनी आणि रोजच्या पासधारकांनी हीच मागणी लावून धरावी; वर्ध्यापर्यंत मेट्रोचे खांब मागण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या मार्गावर तासातासाला सुटणारी, बुटीबोरीला मेट्रोशी जुळणारी गाडी मागणे अधिक व्यवहार्य आहे आणि अधिक लोकांच्या उपयोगाचे आहे.