मोटारीची शाल आणि पाण्याचें उष्णमान

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र कॅनडांतील विनिपेग शहराहून आलें. त्यानें तेथें दुसऱ्या पिढीची, म्हणजे २००३ ते २००९ या काळांत निघालेली, टोयोटा प्रियस ही जुनी गाडी विकत घेतली आहे. थंडीच्या दिवसांत गाडीच्या तोंडावरील जाळीच्या फटींत नळांस गुंडाळावयाच्या मऊ फोमाच्या पट्ट्या खोंवून वारा अडवावा, म्हणजे पेट्रोल वांचतें, असें शेजाऱ्यांनीं त्यास सांगितलें. "पण गुरुजी, शाल पांघरवितां पांघरवितां गाडीचा जीव तर जाणार नाहीं ना? किती अंशांपर्यंत भ्यावयाचें नाहीं?" असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न वर्गांतील पदार्थविज्ञानाशीं निगडित असल्यामुळें त्याचें उत्तर येथेंच देत आहों.

प्रियस ही गाडी १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत प्रथम विक्रीस आली. तींत पेट्रोलचें इंजिन आणि विजेच्या मोटरी हीं दोन्ही असून जरूर नसेल तेव्हां इंजिन आपोआप बंद पडतें. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिच्यापैकीं साधारण तृतीयांशच चाकांच्या कामीं येते. बाकीची धुरावाटे व इंजिनाभोंवती फिरणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. आपल्या इकडे या फुकट उष्णतेची कटकटच वाटते. विनिपेगास मात्र जानेवारींत पहाटे पारा शून्याखालीं वीस अंशांवर असतो, आणि तेथें गाडींतील माणसांस ऊब मिळते ती याच पाण्यापासून. चौकांत गाडी थांबली, इंजिन बंद झालें, पाणी निवूं लागलें, कीं गाडींतील संगणक केवळ ऊब राखण्यासाठीं इंजिन पुन्हां सुरू करतो. गाडी जाग्यावर आणि पेट्रोल खर्च! चुलीवरून उतरलेल्या बंबाभोंवती गोणपाट गुंडाळावें, तसाच हा जाळी झांकण्याचा उपाय आहे.

येथें एखादा चौकस मुलगा विचारील कीं, पाणी थंड असतां थर्मोस्टॅट नांवाची झडप बंदच असते व पाणी रेडिएटरांत जातच नाहीं. मग जाळी झांकून काय लाभ? शंका रास्त आहे. त्या झडपेंत मेण असतें. तें सुमारे ८२ अंशांस वितळून फुगूं लागतें आणि झडप उघडतें. त्याखालीं रेडिएटर जवळ जवळ निकामीच. परंतु जाळींतून शिरणारा बोचरा वारा रेडिएटर ओलांडून इंजिनाच्या अंगावर व नळ्यांवर आदळतो, आणि ती उष्णता झडपेस न विचारतांच निघून जाते. खरा लाभ आहे तो हा वारा अडविण्यांत.

या पिढीच्या कांहीं गाड्यांत कारखान्यानें एक मोठा थर्मासच बसविला होता. त्यांत सुमारें तीन लिटर तापलेलें पाणी सांठवून पुढील वेळीं इंजिन सुरू होतांना तें परत देण्याची योजना होती. २०१५ सालीं आलेल्या चवथ्या पिढींत तर जाळीमागें आपोआप उघडझांप करणारीं झडपांचीं दारें आलीं. म्हणजे शेजाऱ्यांची युक्ति वेडगळ नव्हे. फरक इतकाच, कीं फोमाच्या पट्टीस स्वतःची अक्कल नसते. ती अक्कल चालकानें पुरवावयाची.

ती पुरवावयाची कशी? या गाडीच्या फळीवर उष्णमानाचा कांटाच नाहीं. आहे तो फक्त एक तांबडा दिवा, आणि तो फार उशिरां लागतो. दिव्याच्या भरंवशावर जाळी झांकणें म्हणजे दूध उतूं गेल्यावर चुलीकडे पाहणें होय. सुदैवानें १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींस तपासणीची एक ठराविक खोबणी असते. तींत एक लहान यंत्र अडकविलें कीं पाण्याचें उष्णमान अंशांत वाचतां येतें. ८५ ते ९२ पर्यंत आंकडा असला तर सर्व ठीक. ९५–९६ च्या सुमारास विजेचा पंखा फिरूं लागतो. हा पहिला इशारा समजावा. पंखाही हवा त्याच जाळींतून ओढतो, हें विसरूं नये. सर्व फटी बुजविल्या तर तो बिचारा काय करणार? आंकडा शंभराकडे चढतच राहिला तर गाडी बाजूस घेऊन पट्ट्या काढाव्या. तोंपर्यंत आंतील हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे कांहीं उष्णता तिकडून निघते. शंभर अंशांस हें पाणी उकळत नाहीं. त्यांत ग्लायकोल मिसळलेलें असतें व तें दाबाखालीं असतें. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. बोरघाटांत गाड्या तापून उभ्या राहत, तेव्हां हात भाजून घेतलेले चालक जुन्या लोकांस आठवत असतील. अतिशय तापल्यास इंजिनाचें ॲल्युमिनियमचें डोकें वांकडें होतें, आणि मग वांचविलेल्या पेट्रोलाच्या कितीतरी पट पैसा दुरुस्तीस जातो.

आणखी दोन गोष्टी. यंत्र पाण्याचें उष्णमान सांगतें, पाणी किती आहे हें सांगत नाहीं. गळतीनें पाणी कमी झालें तर आंकडा फसवूं शकतो, म्हणून इंजिन थंड असतांना पाण्याची पातळी पाहावी. दुसरें असें कीं, विजेचें रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरचें पाणी निराळें असतें, आणि तें इंजिनाच्या पाण्याहून पुष्कळच थंड राहावें लागतें. त्यास वारा कोणत्या फटीनें मिळतो हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहून तेवढी जागा मोकळी सोडावी. आपल्या हवेंत तर हा सर्व खटाटोप कोणीं करूंच नये.

आमच्या विद्यार्थ्यानें निम्मीच जाळी झांकली. पारा शून्याखालीं २४ असतां आंकडा ८६ ते ८८ राहिला, असें त्यानें कळविलें. मार्चांत बर्फ वितळूं लागलें, तेव्हां एके दुपारीं लांबच्या रस्त्यावर तो ९७ झाला व पंखा घोंघावूं लागला. त्यानें तेथेंच उतरून दोन पट्ट्या काढल्या आणि घरीं पोंचल्यावर उरलेल्याही काढून ठेवल्या.