सर्टिफिकेटने सीट मिळत नाही

सुट्टीत इंटर्नशिप केली की कॉलेजच्या प्रवेशात वजन पडतं, ही समजूत आता सातारा-सांगलीच्या पालकांतही पसरली आहे. चार दिवसांत ऑनलाइन सर्टिफिकेट विकणाऱ्यांचं दुकान त्यावरच चालतं. प्रत्यक्षात सांगलीच्या वालचंद कॉलेजात प्रवेश मिळतो तो ‘कॅप’ या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. मेडिकलला ‘नीट’. कऱ्हाड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला दहावीचे गुण. तिथे इंटर्नशिपला अर्धा गुणही नाही.

मग वेळ वायाच? तसंही नाही. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा पुण्याचं फ्लेम प्रवेशासाठी मुलाखत घेतं. मुलाखतीत कागद दाखवून भागत नाही, काय पाहिलं ते सांगावं लागतं.

आणि पाहायला पुण्या-मुंबईची कंपनीच हवी, हा दुसरा गैरसमज. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर जवारी काढताना घोडी कानशीने किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. तार घोडीला कशी टेकते, यावर आवाजाचा भरीवपणा ठरतो. अकरावीच्या फिजिक्समधलं ध्वनीचं प्रकरण दोन आठवडे तिथे बसून ऐकलेल्या मुलाकडे बोलायला काहीतरी असतं. खरा फायदा तर प्रवेशाआधीचाच : प्रत्यक्ष काम पाहिलं की मेकॅनिकल की कॉम्प्युटर, हे शेजारच्या दादाला विचारून ठरवायची वेळ येत नाही. दहावीनंतरची मोठी सुट्टी त्यासाठी सोयीची. बारावीनंतर सीईटीची धावपळ असते.

शिकता शिकता काम करणं हे शहरी, परदेशी खूळ आहे, असं निदान साताऱ्यात तरी कुणी म्हणू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ ही तिचीच ओळख.

घरचं काम कुठलंच कॉलेज मोजत नाही, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’मध्ये दहा उपक्रम लिहिता येतात, त्यात पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदाऱ्याही धरतात. मार्केट यार्डात वडिलांच्या हळदीच्या अडतीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीने तो बिनदिक्कत लिहावा.

फक्त एक पथ्य. १४ वर्षांखालील मुलांना बाहेर कामावर ठेवणं बेकायदा आहे आणि १४ ते १८ वयाच्यांना धोकादायक प्रक्रियांवर बंदी आहे. कुपवाडच्या फाउंड्रीत ओळख असली, तरी अकरावीतल्या पोराला भट्टीवर उभं करू नका.